वसुधाताई आणि एका घरातले संगणक

फोनवर कुणी “मी बोलतोय” म्हटलं, की वसुधाताई लगेच विचारायच्या, “मी म्हंजे कोन?” पलीकडे त्यांचे यजमान असोत की आमच्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, नाव सांगितल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नसे. ताई मूळच्या ब्रह्मपुरीच्या. चंद्रपूरच्या त्या हॉस्पिटलची संगणक-खोली त्यांच्या ताब्यात होती आणि मी सिरोंच्याहून येऊन त्यांच्या हाताखाली लागलो होतो.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. जुने संगणक काढून एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात आम्ही आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं उभे केलेले, संगणक बसवले होते. एक्स-रे, सीटी स्कॅन मात्र शेजारच्या स्टोरेजच्या कपाटात. ते स्टोरेज ओळखायचं फक्त सर्व्हरच्या पोर्टचा, म्हणजे जोडणीच्या दाराचा, क्रमांक. त्यामुळे आतल्या कुठल्याही संगणकाला सगळ्या डिस्क खुल्या. ताईंना हे खटकायचं. प्रत्येक आभासी संगणकाला स्वतःचा आभासी पोर्ट आणि स्वतःचा क्रमांक हवा, असा त्यांनी हट्टच धरला.

“सगळे एकाच सर्व्हरमधले आहेत ना? मग ही उठाठेव कशाला?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“साहेब, एका घरचे पेशंट आले म्हून सगळ्यायले एकाच नावानं औषध देता काय?”

व्यवस्थापक हसले. परवानगी मिळाली.

काम किचकट होतं. एकेक क्रमांक सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या स्विचवर चढवायचा, मग स्टोरेजला सांगायचं, ही डिस्क फक्त याचीच. एक अक्षर चुकलं की तो संगणक डिस्कला मुकायचा. मी वैतागलो की ताई म्हणायच्या, “करूनच राह्यलो तं नीट करू. घाई काऊन?”

पुढे एका दुपारी बाहेरून आलेला एक तंत्रज्ञ प्रशिक्षणाच्या संगणकावर काम करत होता. त्याला सरावाची डिस्क पुसून कोरी करायची होती. एकदम तो उठला. चेहरा पांढराफटक.

“ताई, चुकीचा नंबर दिला मी. स्कॅनच्या डिस्कचा!”

वर ऑपरेशन चालू होतं. बैलगाडीतून पडून डोक्याला मार लागलेली एटापल्लीकडची बाई टेबलावर होती. डॉक्टर तिचं स्कॅन समोर ठेवून काम करत होते. ताईंनी थिएटरला फोन लावला. सिस्टरनं उचलला.

“स्कॅन दिसून राह्यलं काय वो, सिस्टर?”

“हाव, दिसते ना. काऊन ताई?”

“काई नाई. असंच विचारलं.”

मग त्यांनी तंत्रज्ञाच्या पडद्याकडे पाहिलं. ‘अशी डिस्क सापडत नाही,’ असा संदेश आला होता. स्टोरेजनं त्या संगणकाला स्कॅनची डिस्क दाखवलीच नव्हती.

“त्याले दिसलीच नाई, तं पुसन कसा?” ताई म्हणाल्या आणि फरशीवरच मटकन बसल्या. हसू थांबत नव्हतं. तंत्रज्ञाचे डोळे भरून आले. “जा बाबा,” त्या त्याला म्हणाल्या, “आधी जेवून ये.”

ती बाई बरी होऊन गावी गेली. पुढच्या वर्षी ताईही नोकरी सोडून ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवायला निघाल्या. बसमध्ये त्यांची पिशवी चढवताना मी म्हणालो, “त्या दिवशी तुम्ही वाचवलंत.”

“त्या दिवशी मी काय केलं रे?” खिडकीतून त्या म्हणाल्या. “जे कराचं, ते आधीच करून ठेवलं होतं. म्हून तं बसाले फुरसत भेटली.”