घर चुकलेला हेळवी

दर तीन-चार वर्षांनी, सुगी झाली की तो जतकडून बैलावर बसून सांगलीला आमच्या दारात येई. तो हेळवी होता. घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवणं हे त्याचं वाडवडिलांपासूनचं काम. त्याचं स्वतःचं नाव मी कधी विचारलं नाही. हात धोतराला पुसून तो पिढ्यांच्या नोंदींचं बाड कपाळाला लावी आणि मगच उघडी.

जर्मनची लढाई संपली त्या वर्षी तो आला, तेव्हा साताऱ्याचे पाहुणे मुलीला बघायला बसले होते. आमचं घराणं मूळ सरदारांचं, असं मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. त्यानं सुरुवात केली, "जतच्या माळावर मेंढरं राखणारा तुमचा मूळपुरुष..."

"घर चुकलात तुम्ही," मी म्हणाले. "पुढं जा."

त्यानं मुलीच्या नव्या लुगड्याकडं पाहिलं आणि बाड मिटलं. "व्हय आक्का," पाहुण्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "म्हातारा झालो, चुकलो आसंन."

लग्न जमलं. पुढं माझ्या थोरल्या लेकाला मुलगा झाला, पण त्याचं नाव बाडात घालायला हेळवी आला नाही. बैलाची घंटा वाजली की मी दारात जाते. घर हेच, एवढं त्याला सांगायचं आहे.