कणकेचा गोळा

अगो, जवळ ये बघू, कान धरायचाय तुझा. नुसतं 'येते, येते' म्हणतेस! इथे देवळात काय चाललंय, तुला पत्ता नाही.

मासळीवालीची मुलगी, आठेक वर्षांची, जन्मापासून बहिरी. सोमवारच्या भजनात आवाज नीट घुमावा म्हणून मृदंगाला थापायची कणीक माझ्याकडून जाते. ती न्यायला हीच येते, ओंजळ पसरून. मग मृदंगाला गुडघा चिकटवून बसते आणि डोळे मिटून हसते. काय पोचत असेल गो तिला?

गेल्या सोमवारी बुवा करवादले, "बहिऱ्या चेडवाक भजन कित्याक? उठवा तेका!" तेवढ्यात मृदंगवाल्याने थाप मारली. पोरीने डोळे उघडले, 'नाही' म्हणून मान हलवली आणि मृदंगावरची चिमूटभर कणीक काढली. त्याने पुन्हा थाप मारली. कसा घुमला म्हणून सांगू!

"बुवानू, चेडवाचाच खरा," तो म्हणाला. "कणीक जास्त झाली होती, माकाच कळाक नाय. आता ता हयच बसतला."

बुवांनी गुपचूप पेटी ओढली.

या सोमवारी नक्की ये. माझे गुडघे काही खाली बसू देत नाहीत. तू तिच्याशेजारी मृदंगाला गुडघा लावून बस आणि मला सांग, काय पोचतं ते.