आत्याचा आवा

"आत्या गेली..." एवढंच बोलून दीर ओट्यावर बसला. मी माहेरी, परंदवडीला होते. रडू मागाहून आलं. आधी मनात आलं, आता इनामदाराच्या तोंडाला कोण लागणार? आत्या माझी सासू. भावाची लेक सून करायची आमच्यात रीतच. कुरवंड्याच्या आमच्या कुंभारवाड्यात चाक पुरुषांनी फिरवायचं आणि मडकी बायकांनी रंगवायची. चुना आणि गेरू, बस्स. तिच्या हातची लग्नाची मडकी लोक वाजतगाजत नेत. मला मोर काढायला शिकवताना तिनं किती चापट्या मारल्या म्हणून सांगू!

एका वर्षी लग्नसराईचा आवा पेटला होता, आत मडकी भाजत होती. तेवढ्यात इनामदाराची माणसं पाण्याच्या घागरी घेऊन आली. वेशीवरच्या बंगल्यात साहेबलोक पाहुणे उतरले होते, त्यांना म्हणे धूर सोसवेना! जळत्या आव्यावर पाणी ओतलं. मडकी तडातडा तडकली. मामंजींनी जी खाट धरली ती सोडलीच नाही. जळो तो बंगला! अजून नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आत्यानं मात्र तडकलेल्यातली उभी राहतील तेवढी वेचून माळ्यावर ठेवली.

पुढच्या लग्नसराईत इनामदाराच्याच लेकीचं लग्न निघालं. त्यांच्या बायका वाजंत्री लावून मडकी न्यायला आमच्या दारात! आत्यानं तीच तडकलेली मांडली होती. प्रत्येक तड्यावरून पांढरी वेल चढवलेली... इतकं देखणं काम तिनं कधी केलं नसेल.

"न्या की," ती म्हणाली, "तुमच्याच मालकानं भाजल्याती."

तडकलेलं मडकं मांडवात कोण नेईल? वाजंत्री थांबली. आवा विझवणाऱ्याला मावळातल्या एकाही कुंभारानं मडकं दिलं नाही. शेवटी इनामदार स्वतः आला.

"आवा आत्ताच पेटवलाय," आत्या म्हणाली. "बसा मालक, हितं. भाजून व्हईपत्तुर."

बसला! वारा त्याच्याच अंगावर, रेशमी उपरण्यानं डोळे पुसतोय, खोकतोय, आणि सगळं गाव बघतंय. मग तिनं धड मडकी दिली. पोरीशी तिचं वैर नव्हतं.

लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. त्यांचं मिळालं असेल. त्या तडकलेल्यातलं एक मडकं आमच्या चुलीशेजारच्या कोनाड्यात आहे. आत्या रोज पुसायची, आता मी पुसते. परवा इनामदाराच्या बायका पुन्हा दारात... धाकट्या लेकाचं लग्न.

"मावशी गेल्या, लय वाईट झालं," एक म्हणाली. "मडकी मिळतील नव्हं?"

"मिळतील की," मी म्हटलं. "उद्या आवा पेटवनार हाय. मालकाला धाडा."