भावजींचं वाचन

वहिनीचा नवरा गेला त्या दिवशी, भरल्या घरात, धाकट्या दिराने सांगून टाकलं की दादाला सिगारेटीने नेलं. दादा ओढायचा एखादी, जेवणानंतर, तीही गच्चीवर जाऊन. बाकीचा दिवस घरच्याच कारखान्याच्या मागच्या खोलीत, रंग कडक वाळावा म्हणून त्यात घालायचं हार्डनर ढवळत असायचा. खिडकी उघडली तर हवेतल्या ओलीने माल बिघडतो, म्हणून धाकट्याने ती ठोकून बंद केलेली. आधी खोकला आला, मग धाप, मग बसून झोपणं. सासूबाईंनी धाकट्याचं बोलणं उचललं आणि वर आपली भर घातली: बायकोने वेळीच आवरलं असतं तर.

वहिनीने तेव्हाच डूख धरला. पुढे कारखान्यातून तिला गोडीगुलाबीने बाजूला केलं, तेही गिळलं. रसायनशास्त्राची पदवी कपाटातून काढून तिने प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि यथावकाश स्वतःचं ऑफिस थाटलं. काम एकच, परदेशी जाणाऱ्या रसायनांची सुरक्षापत्रकं. माल कशाने पेटतो, अंगावर सांडला तर काय करायचं, श्वासात गेला तर काय होतं, सगळं त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे.

वाट बघत होती म्हणा ना. आणि एकदा धाकट्याचा माल परक्या बंदरात अडकलाच. त्याने स्वतः खरडलेलं पत्रक तिथल्या अधिकाऱ्यांनी परत पाठवलं होतं आणि माल घेणाऱ्याने वहिनीचंच ऑफिस सुचवलं. दीर फुलं घेऊन हजर झाला, घरचंच काम आहे म्हणाला.

तिने काम चोख केलं. अक्षर वाढवलं नाही, लपवलंही नाही. अट फक्त एक: पत्रकाला मंजुरी देताना आरोग्याचा भाग त्याने इथे बसून मोठ्याने वाचायचा, आईंसमोर. कारखाना अजून त्यांच्या नावावर होता, सही त्यांचीच लागणार होती.

"वाफ श्वासात गेल्यास दमा होऊ शकतो," दीर वाचू लागला. "बंद खोलीत काम करू नये. धाप लागलेल्या कामगाराला या कामावरून कायमचं..." तो अडखळला.

"पुन्हा वाचा, भावजी," वहिनी शांतपणे म्हणाली. "आईंना कमी ऐकू येतं."

त्याने पुन्हा वाचलं. सासूबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुला हे ठाऊक होतं?"

कच्च्या मालाच्या पिंपांवर असं काहीबाही लिहिलेलं असतं, तो पुटपुटला, सगळं कोण वाचत बसतं.

सासूबाईंनी सही केली, पण त्याच्या गाडीत बसल्या नाहीत. आता त्या वहिनीकडे राहतात. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलतात. त्यांचे शब्दही वहिनी विसरलेली नाही.

आत काहीतरी निवेल असं तिला वाटलं होतं. छे, उलट भूक चाळवली. दुसऱ्या देशाचे नियम वेगळे, तिसऱ्याचे त्याहून वेगळे. दर वेळी पत्रक नवं आणि दर वेळी दिराचं वाचन ठरलेलं. ईमेलवर पाठवा म्हणून त्याने गयावया केली. दुसरीकडे जायला त्याला कोणी अडवलं नव्हतं, पण माल घेणारे तिच्याच कागदासाठी अडून बसायचे.

चौथ्या खेपेला तो खुर्चीत बसताबसताच बोलला. मागच्या खोलीत हवा बाहेर ओढणारे पंखे लावलेत, माणसांना मास्क दिलेत. "आता तरी पुरे करा, वहिनी."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि पान त्याच्यापुढे सरकवलं. "वाचा."