बाजूला बसणारे आबा

"भिडू द्या त्यासले," असं म्हणून आबा हातातले दोन पत्ते पालथे ठेवत आणि चहाचा कप पुढे ओढत.

दीपनगरच्या आमच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत दिवाळीनंतरच्या रविवारी पोकरची स्पर्धा भरायची. पैसे लावायचे नाहीत म्हणून चिंचोके. चिंचोके संपले की माणूस बाहेर. शेवटच्या तिघांना बक्षीस: पहिल्याला मिक्सर, दुसऱ्याला कुकर, तिसऱ्याला स्टीलचा डबा. आबांच्या स्वयंपाकघरात डब्यांची उतरंड लागली होती.

त्यांची रीत सोपी. दोघांनी आपले सगळे चिंचोके पुढे सरकवले की हे कितीही चांगले पत्ते खाली ठेवायचे. त्या दोघांतला एक बाहेर जाई आणि आबांचा नंबर आपोआप वर सरके. आम्ही तोंडावर त्यांना भित्रा म्हणायचो. ते म्हणत, "भित्रा शे म्हणूनच अजून बसेल शे."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. युनियनच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलवाले आबांना आपलाच समजत आणि मतदानाच्या दिवशी आबांना नेमका ताप येई. शेजारी नळावरून जुंपली की यांची खिडकी लागे. घरात त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्कांचं, सुनेशी वाजलं की आबा टाकी भरली का ते बघायला गच्चीवर जात. ती टाकी फार सावकाश भरायची.

निवृत्तीआधीची त्यांची शेवटची स्पर्धा आली. सकाळी अक्कांनी माझ्यादेखत बजावलं, "आते डबा लयनात ते घरमा येवानं नही!" आणखी एक डबा ठेवायला घरात जागाच उरली नव्हती.

दुपारी चौघे उरले. मी केव्हाच बाद होऊन आबांच्या शेजारी बसलो होतो. एकाने सगळे चिंचोके सरकवले, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्यानेही. आबांचे सगळ्यांत कमी होते, पण हातात एक्क्यांची जोडी होती. पत्ते ठेवले तर डबा नक्की, बहुधा कुकरही. खेळून हरले तर चौथा नंबर आणि रिकामे हात. एकासमोर ही जोडी भारी असते, पण तिघांसमोर कोणाचं ना कोणाचं काहीतरी जुळतंच, हे आबांनीच आम्हाला शिकवलं होतं.

पत्ते पालथे घालायला आबांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. चहा निवून गेला. मग सगळं आयुष्य आठवल्यासारखे अगदी हळू म्हणाले, "बठ्ठी उमर बाजूले बसनू." आणि दोन्ही तळव्यांनी चिंचोके पुढे लोटले.

टेबलावर सगळ्यांसाठी मिळून उघडतात त्या पाच पानांतलं शेवटचं इस्पिकचं निघालं आणि समोरच्याची पाच इस्पिकं जुळली; ती एक्क्यांच्या जोडीला भारी. आबा बाद.

ज्यांनी वर्षानुवर्षं भित्रा म्हटलं, तेच आता तुटून पडले. "डोकं फिरलं का आबा? कुकर हातात होता!" एकाने तर पेन काढून हिशोबच मांडायला घेतला. आबा सगळ्यांचं ऐकून घेत हसत होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

क्वार्टरपर्यंत मी सोबत गेलो. अक्का दारातच उभ्या होत्या.

"डबा?"

"नही."

"कुकर?"

"नही. तिन्ही भिडनात, मग मी बी भिडनू."

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत असाव्यात. मग बाजूला सरून म्हणाल्या, "या घरमा."

निवृत्त होऊन आता ते दोंडाईच्याला राहतात. इथली त्यांची खुर्ची आम्ही भिंतीला लावून ठेवली आहे. सून सांगत होती, गल्लीत कोणाचं वाजलं की आबा चपला घालून निघतात, ज्याची बाजू पटेल त्याच्याशेजारी उभे राहतात, बहुतेक वेळा हरून येतात आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खातात.