मुलानं बाहेर बसायचं

ईशा आणि अन्वय,

इमिग्रेशनचे खटले बघणाऱ्या वकील वृंदा पांढरीपांडेच्या ऑफिसात आईला घेऊन आलेल्या मुलानं बाहेर बसायचं, असा नियम होता. मुलगा डॉक्टर असो नाही तर बँकेतला मोठा अधिकारी, त्याला सूट नसे. तुमच्या बाबांनी फाइल उघडून "अ‍ॅक्चुअली, आईचं ग्रीन कार्ड एक्स्पायर होतंय आणि आम्हाला ते रिन्यू..." एवढं म्हणेपर्यंत तिनं हातातलं पेन दाराकडे रोखलं.

"कार्ड कोणाचं आहे?"

"आईचं."

"मग तुम्ही बाहेर बसा. तिथं माझी आई आहे, तिच्याशी बोला. बिचारी सकाळपासून कोणाशी बोलली नाही."

बाबा हसले, पण उठले. मी साठी ओलांडलेली, कॉलेजची ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेली बाई. तरी त्या दिवशी मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

हे २००५ सालच्या हिवाळ्यातलं. ईशा, तू नर्सरीत जात होतीस. अन्वय, तू अजून नव्हतास. आपण जर्सी सिटीला त्या उंच इमारतीत राहत होतो आणि मी सबंध वर्षात पुण्याला गेले नव्हते. तुमचे आजोबा पुण्यात एकटे होते. अमेरिकेत कायमचं राहायला ते कधीच तयार नव्हते. त्यांचे हात थरथरू लागले होते. फोनवर ते म्हणत, "चहा सांडला, एवढंच. तू घाई करू नकोस." ते असं म्हणाले की मला रात्री जेवण जात नसे.

मग मी का जात नव्हते? परत येऊ देतील याची खात्री नव्हती, म्हणून. कार्ड मिळाल्यापासून मी बहुतेक वर्ष पुण्यात काढत असे आणि वर्ष भरायच्या आत तुमच्याकडे काही आठवडे येऊन जात असे. आमच्या ओळखीच्या सगळ्याच आज्या तसं करत. याला आम्ही 'कार्ड जिवंत ठेवणं' म्हणत असू. विमानतळावर हल्ली फार विचारतात, असं कानावर आल्यावर आपल्या इमारतीच्या लॉबीत जमणाऱ्या सगळ्यांनी मला उपाय सांगितले. व्हीलचेअर मागा, खुर्चीतल्या म्हाताऱ्यांना विचारत नाहीत. इंग्रजी येत नाही म्हणा, कंटाळून सोडतात.

मी दोन्ही केलं. धडधाकट पायांनी खुर्चीत बसले आणि आयुष्यभर इंग्रजी पुस्तकांत वावरलेली मी, "नो इंग्लिश" म्हणाले. अधिकाऱ्यानं फोनवर हिंदीचा दुभाषा घेतला. मी सांगितलं, "बेटे के पास रहती हूँ." दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, की या मुलाला भेटायला आल्या आहेत. मी ताडकन म्हणाले, "आय सेड नो सच थिंग. आय सेड आय लिव्ह विथ माय सन." अधिकाऱ्यानं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या सगळ्या ये-जा त्यानं पडद्यावर काढल्या. त्या वेळी सोडलं, पण पुढच्या खेपेला असंच दिसलं तर कार्ड जाईल, असं बजावून.

हे मी वृंदाला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की बाहेरून तिच्या आईनं विचारलं, "काय झालं ग?" डोळे पुसून ती म्हणाली, "काकू, खोटं तुम्हाला जमत नाही, ते सोडा. आणि मला तर सांगूच नका. मग ते मला लक्षात ठेवावं लागते." हे ती प्रत्येकाला म्हणायची. नागपूर सोडून तिला वीस वर्षं होऊन गेली होती, तरी तिची भाषा नागपूरचीच राहिली होती.

मग तिनं विचारायला सुरुवात केली. कायद्याचं काही नाही.

"दातांचा डॉक्टर कुठला?"

"पुण्यातला."

"चष्मा कुठं करता?"

"पुण्यातच."

"दागिने?"

"तिथल्या लॉकरमध्ये."

"शेजारीण कोण आहे? आजारी पडल्या तर पेज कोण आणून देते?"

मी पुण्यातल्या शेजारणीचं नाव सांगितलं. इथल्या मजल्यावर समोरच्या दारामागे कोण राहतं, ते मला ठाऊक नव्हतं.

"मग इथं काय आहे तुमचं?"

"ईशा," मी म्हणाले.

तिचं पेन थांबलं. ती हळूच म्हणाली, "कायद्यात ईशासाठी रकाना नाही, काकू."

पुढचं तिनं सरळ सांगितलं. अर्ज मी करून देते, नवं कार्ड येईलसुद्धा. पण ते कार्ड इथं राहणाऱ्याचं आहे, येऊन जाणाऱ्याचं नाही. राहायचं तर खरंच राहा, आणि काका एकटे आहेत हे मान्य करून राहा. नसेल जमत तर कार्ड सरकारला परत करा आणि पाहुणी म्हणून व्हिसा मागा. तो मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. "तिसरा रस्ता तुमच्या लॉबीत मिळेल. तो मला नका विचारू."

"तू काय करशील?" मी विचारलं.

तिनं बंद दाराकडे पाहिलं. "माझ्या आईचं कार्ड मीच रिन्यू केलं. तिला विचारलंच नाही. आता घरी एकटी घाबरते म्हणून रोज ऑफिसात आणून बसवते. दार उघडलं की नागपूरचं कोणी आलं का, ते पाहून राहते." एवढं बोलून तिनं बाबांना आत बोलावलं.

सगळं ऐकून बाबा चिडले. "आम्ही रिन्यू करायला आलो होतो, सरेंडर करायला नाही."

"तुम्ही त्यासाठी आले होते," वृंदा म्हणाली. "त्या कशासाठी आल्या होत्या, ते आत्ता कळलं."

त्यानंतर कित्येक दिवस मी खिडकीशी उभी राहून खालची गाड्यांची रांग बघत असे आणि मनात दोन्ही बाजूंचा हिशेब मांडत असे. राहिले तर आजोबांना सोडल्यासारखं होतं, गेले तर तुम्हा सगळ्यांना. आजोबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, असं एका सकाळी फोनवर ओझरतं कळलं. त्या दुपारी मी वृंदाला फोन केला. ती फक्त "बरं" म्हणाली आणि कागद तयार करायला लागली.

मी पुण्याला परतले आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन कार्ड परत केलं. काही महिन्यांनी पाहुणीचा व्हिसा मागितला. नाकारला. पुन्हा मागितला, पुन्हा नाकारला. तेव्हा वृंदाचा फोन आला. "काकू, राग आला का माझा?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडा आला."

"येऊ द्या," ती म्हणाली. "मलाही येऊन राहिला आहे."

आजोबांची पुढची वर्षं मी त्यांची बटणं लावली, चहा बशीत ओतून दिला. शेवटी त्यांचा हात माझ्या हातात होता. अन्वय, तुझं बारसं मात्र मी फोनवरच ऐकलं.

ईशा, मागच्या डिसेंबरात तू विचारलंस, "आजी, डू यू रिग्रेट इट?" मी तेव्हा विषय बदलला. पश्चात्ताप होतो. तुम्ही पुण्याहून परत निघता आणि बाबा बॅगांचं वजन करायला लागतात, तेव्हा फारच होतो. पण तो माझा आहे. माझ्या वतीनं दुसऱ्या कोणी काही ठरवलं नव्हतं, आणि एवढं मला वृंदानं मिळवून दिलं.