साडीची चार टोकं

माझं आणि बायकोचं मिळून शेवटचं साधं काम म्हणजे वाल उचलणं. रोह्याच्या दवाखान्यामागच्या मैदानात तिच्या जुन्या साडीवर वाल वाळत घातले होते. दुपारी आभाळ भरून आलं. साडीची दोन टोकं तिनं धरली, दोन मी. चालत एकमेकांसमोर आलो, टोकाला टोक लागलं, झालं गाठोडं. आमच्याकडं सगळ्यांची हीच रीत. एकट्याचं ते काम नाही. एका बाजूनं उचललं की दुसऱ्या बाजूनं वाल मातीत. माझी चाल मंद, म्हणून ती म्हणाली, "लग्नात हार घालायलापन असंच आलेलाव. पाऊस थांबंल व्हय तुमच्यासाठी?" मी म्हटलं, तेव्हाही तूच पुढं सरकली होतीस. ती हसली. पाऊस आलाच नाही.

घरी आलो, गाठोडं उतरवलं, आणि ती डोकं धरून ओट्यावर बसली ती परत उठली नाही.

डॉक्टर म्हणाला, डोक्यात रक्त साकळलंय, मुंबईला न्या. दवाखान्याची गाडी खांब गावापर्यंत बरी पळाली. वडखळच्या अलीकडं ट्रक आडवा पडलेला आणि पुढं गाड्याच गाड्या. पेण तिचं माहेर. पेणच्या वेशीत शिरलो तेव्हा तिचा हात गार झाला होता.

हेलिकॉप्टर असतं तर वाचली असती का, मला माहीत नाही. पण ट्रकच्या मागं रस्त्यात अशी गेली नसती, एवढं खरं.

पुढच्या वर्षी जवळच्या धाटावच्या केमिकल कंपन्यांनी मिळून ठरवलं, भाजलेला कामगार मुंबईला न्यायचा तर हेलिकॉप्टर बोलवायचं. दवाखान्यातला दुसरा कुणी पेशंट असला तर त्यालाही नेऊ म्हणाले. फक्त उतरायला मंजूर जागा पाहिजे. जागा एकच, दवाखान्यामागचं मैदान. नगरपालिकेच्या नकाशात ते बाजारासाठी राखीव. ते बदलायचं तर आधी लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग नगररचनेचा साहेब येऊन बघणार, मग नगरसेवकांचं मतदान.

मी दुसरी शिकलेला. पेणच्या खाडीला मिठागरात चिखल तुडवण्यात अर्धा जन्म गेलेला. नगरपालिकेची पायरी मी कधी चढलो नव्हतो, ती आता रोज चढायला लागलो. जो भेटेल त्याला सांगायचो, जागा पास करा. शिपाई म्हणायचा, आजोबा, हेलिकॉप्टरात बसायची हौस आहे काय? मी म्हणायचो, तुला बसवतो, आधी हातपाय मोडून घे.

हरकत घेतली आमच्या आळीतल्या बायकांनी. त्यांची पुढारी माझी शेजारीण. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी. तिची आणि माझ्या बायकोची जोडी साऱ्या आळीला ठाऊक. त्या मैदानावर एक ठेकेदार दुकानाचे गाळे बांधायला आला होता, तेव्हा या दोघींनी पहाटे बायका उठवल्या आणि मैदानभर साड्या अंथरून वाल घातले. विटांचा ट्रक आला, उभा राहिला, आणि तोंड फिरवून गेला. म्हणून तर मैदान शिल्लक राहिलं.

सुनावणीत वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "तिनं राखलेली जागा तुमी देऊन टाकाया निघालाव, भावजी. आमी वाल काय डोक्यावर वालवू?"

राग आला, पण ती खोटं बोलत नव्हती. आमच्या आळीत घराला घर लागलेलं, अंगण कुणाला नाही. मी घरी आलो.

साहेब बघायला येणार त्या दिवशी बायकांनी मैदान असं भरून टाकलं की पाय ठेवायला जागा नाही. वाल, मिरच्या, पापड, सगळं. मीही माझे वाल घातले. भांडण असलं तरी बायकोची वाल घालायची जागा मी मोकळी का सोडू?

साहेब माणूस बरा होता. तो म्हणाला, पेशंट इथं तळमळतोय, हेलिकॉप्टर डोक्यावर, आणि खाली हे सगळं. उचलायला किती वेळ जाणार? म्हणजे वाळवण कायमचं बंद करा, नाही तर जागा नामंजूर.

मी सरळ वहिनीकडं गेलो. सांगितलं, साहेब म्हणतो बायकांना मैदान मोकळं करायला अर्धा दिवस लागेल. साहेब असं काही बोलला नव्हता. अर्धा दिवस माझा.

वहिनी उठली. पदर खोचला. "आमाला? अर्धा दिस?" आणि तिनं हाक दिली, "पाऊस आला गो!"

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण ती हाक ऐकून आमच्या बायका बसून राहत नाहीत. दोघीदोघींनी टोकं धरली, इकडून तिकडून साड्या मिटत आल्या, पापडांच्या चटया डोक्यावर चढल्या. साहेबाच्या हातातला चहा संपला नाही तोवर मैदान साफ.

एकच साडी राहिली. माझी. दोन टोकं हातात धरून मी उभा, समोरची दोन मातीवर. कुणाला हाक मारावी कळेना. तोंडात तिचंच नाव येत होतं.

वहिनी आपलं गाठोडं टाकून परत आली. तिनं समोरची टोकं उचलली. म्हणाली, "चला भावजी. जागा पास करून घ्यायची ना?"

आम्ही चालत समोरासमोर आलो. एक दाणा सांडला नाही.

साहेब हसायला लागला. त्यानं विचारलं, दरवेळी हाक कोण मारणार? वहिनी म्हणाली, दवाखान्याची घंटा वाजवा, आमी काय बहिऱ्या नाय. साहेबानं तसंच लिहून घेतलं. बाजार रद्द, हेलिकॉप्टरची जागा, एरवी वाळवण चालू, घंटा झाली की मैदान मोकळं.

मतदानाला सगळे हात वर गेले. नगरपालिकेच्या पायरीवर बायकांनी असा गलका केला की आतला शिपाई बाहेर आला. मी त्याला विचारलं, काय रे, बसतोस? आणि मी हसलो. ती गेल्यापासून हसलो नव्हतो. वहिनीनं माझ्या पाठीत धपाटा घातला, भावजीच्या नात्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत वाल भरले आणि पेणची एसटी धरली. दरवर्षी नवे वाल ती माहेरी नेऊन द्यायची. ती गेल्यावर त्या रस्त्यानं मी गेलो नव्हतो. खिडकीशी बसलो. वडखळ आलं तरी डोळे मिटले नाहीत. रस्ता मोकळा होता. मेव्हणा दारातच भेटला. पिशवी त्याच्या हातात दिली, म्हटलं, तुझ्या बहिणीचं मैदान पास झालं. मग हातपाय धुतले आणि त्याच्याकडं जेवायला बसलो.